कठड्याची सावली

विहार समितीचे अध्यक्ष माझ्याकडे काम घेऊन आले, तेव्हा मी त्यांना चहा दिला आणि अगदी गोड बोलले. या माणसावरचा राग मी शाळेत असल्यापासून लोणच्यासारखा मुरत ठेवला होता.

"तुहं शिक्षण गावाच्या कामी येऊ दे पोरी," ते म्हणाले. जुना विहार पाडून तिथं सभागृह आणि वाचनालय बांधायचं होतं. अख्खा गाव त्यांना काकाजी म्हणतो. मीही म्हटलं, "तुमचा शब्द कसा मोडू, काकाजी?"

माझ्या मायचे पाय लहानपणीच पोलिओनं गेले. तिला तीनचाकी सायकल मिळाली होती, पण घरादारात ती हातांवरच चालते आणि चपला हातात घालते. नव्याण्णव सालच्या बुद्धपौर्णिमेला तिरोड्याजवळच्या आमच्या त्या विहारात भाषण होतं, समतेवर. उतरत्या दुपारी माय पायऱ्यांशी पोचली. हेच काकाजी वर उभे होते.

"चपला आत चालत नाही बाई."

"पायातल्या नाहीत जी, हातातल्या आहेत."

लोक हसले. काकाजीही हसले. "चपला त्या चपला. इथंच बस. आवाज येते इथवर."

मायनं एक चप्पल काढून उघडा तळवा तापलेल्या पायरीवर टेकवला आणि झटकन उचलला. मग ती चपलांवरच बसून राहिली, उन्हात, भाषण संपेपर्यंत. बाहेर बसवणं म्हणजे काय, हे आमच्या लोकांना कुणी शिकवायला नको, आणि तरी आतून एकही माणूस उठला नाही. घरी आल्यावर माय म्हणाली, "जाऊ दे." मी मात्र जाऊ दिलं नाही. नागपूरला आर्किटेक्चर शिकताना उताराचं गणित आलं की मला तीच पायरी दिसायची.

समितीला भव्य पायऱ्या हव्या होत्या. मी त्यांच्यासमोर नकाशा पसरला. स्तूपाभोवती प्रदक्षिणेचा मार्ग असतो आणि आपल्या गावाला तलावाची पाळ, तो मातीचा उंच बांध, आहे, म्हणून पाळीसारखाच एक उतार इमारतीला वळसा घालत दारापर्यंत चढेल, असं समजावलं. पायरी एकही नाही.

"पायऱ्या काऊन नाही?" काकाजींनी विचारलं.

"तुमच्याच गुडघ्यांसाठी."

ते खूश झाले. मग मी उताराचा रुंद मधला पट्टा काळ्या फरशीचा दाखवला. धानाच्या बांधीतली काळी माती, असं त्याचं प्रतीक सांगितलं. माना डोलल्या. पश्चिमेच्या बुटक्या कठड्यालगत एका माणसापुरती पांढरट फरशीची वाट ठेवली होती, ती पाळीवरची पाऊलवाट. तिसऱ्या प्रहरी त्या कठड्याची सावली कुठवर पडेल, हे कुणी विचारलं नाही. चपला ठेवायची जागा मी उताराच्या तळाशी काढली, तेही कुणी पाहिलं नाही. नियम त्यांचाच होता, मी फक्त त्याला जागा दिली.

उद्घाटनही बुद्धपौर्णिमेलाच ठरलं, दरवर्षीच्या कार्यक्रमासारखं दुपारी चारला. वैशाखाचं ऊन रणरणत होतं. मायनं हातातल्या चपला काढून खाली ठेवल्या, सावलीतल्या फरशीवर तळवा टेकवला, क्षणभर तसाच राहू दिला आणि चढायला लागली. मागून पांढऱ्याशुभ्र कपड्यांत काकाजी आले. अनवाणी, ऐटीत, मधल्या पट्ट्यावरून. चार पावलांत ऐट गेली. ते टाचांवर नाचायला लागले तेव्हा मला आनंद झाला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. धडपडत ते कठड्याच्या सावलीत शिरले, मायच्या मागं.

आता त्यांना तिच्याच चालीनं चढावं लागणार होतं. वर दारातून माईकवरचं भाषण ऐकू येत होतं. दाराच्या जरा अलीकडे माय थांबली. वाट अडवून, कठड्याला पाठ लावून, निवांत बसली.

"चाल ना बाई, कार्यक्रम सुरू होऊन राहिला," काकाजी म्हणाले.

जन्मभर "जाऊ दे" म्हणणाऱ्या माझ्या मायनं मान वर केली.

"आवाज येते ना जी इथवर?" ती म्हणाली. "मंग थांबा."