चार बोटं खालची सीट

नाशकातून निघालो तेव्हा माझ्या छोट्या गाडीत शेजारची सीट रिकामी होती. परतताना ती भरलेली असणार, याची मला खात्री होती. बडोद्याला समा भागात माझी थोरली बहीण सुमनआक्का एकटी राहते. बायको गेल्यापासून मीही एकटाच. पण ‘मला करमत नाही’ असं कोण कबूल करतं? लिफ्टमध्ये भेटेल त्याला मी सांगितलं होतं, “आक्का फार एकटी पडलीय हो, तिला कायमची घेऊन येतो.” तिच्यासाठी खोली झाडली, नवी गादीसुद्धा आणली.

सापुताऱ्याचा घाट उतरून चहाला थांबलो. “केटली चा?” (किती चहा?) टपरीवाल्यानं विचारलं. “एक,” म्हणालो. हल्ली हा आकडा मी फार सफाईनं सांगतो.

सोसायटीच्या फाटकातून आत शिरलो, तर एकटी पडलेली आक्का काही दिसेना. कडुलिंबाखालच्या बाकावर ती मधोमध बसली होती आणि भोवती तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या बायका.

“आला गं माझा बाळ्या!” ती ओरडली. साठी उलटलेल्या माणसाचं नाव असं चारचौघांत फोडू नये.

“आक्का, ही बघ गाडी. बस, एक चक्कर मारू.”

आक्का बसायला गेली आणि अर्ध्यात अडकली. सीट फारच खाली. गुडघे वाकेनात, डोकं छपराला लागलेलं. गाडी घेताना मी ॲव्हरेज विचारलं होतं, पार्किंगची जागा मोजली होती. आक्काचे गुडघे विचारायचे राहिले होते.

शेजारचे हसमुखभाई धावत आले. त्यांच्याकडेही अशीच गाडी. “सीट चार बोटं वर पाहिजे, मी तर केव्हाचा बोलतो! आणि डिकी? सीएनजीची टाकी बसवली की डिकीत बसून फक्त टाकीच फिरायला जाते.”

“मागे एसी पोचत नाही ते सांगा ना,” त्यांच्या पत्नी ज्योतीबेन म्हणाल्या. “आणि धरायला वर दांडा नको?”

गाडी सुधारून होईपर्यंत आक्का तशीच ओणवी. शेवटी हसमुखभाईंनी सीटवर साडीची गुळगुळीत पिशवी अंथरली. “मासी, पहेला बेसो, पछी पग!” (मावशी, आधी बसा, मग पाय!) आक्का टेकली, ज्योतीबेननी पाय उचलले, आणि आक्का अशी गर्रकन फिरली की थेट हँडब्रेकवर.

“मेल्या, ही गाडी आहे की घसरगुंडी?” शिवी मला.

जवळच्या निजामपुऱ्यात सेव-उसळ खाल्ली (वाटाण्याची झणझणीत उसळ, वर मूठभर शेव). आक्कानं उतरणं शक्य नव्हतं, म्हणून बश्या खिडकीतून आत आल्या. पहिल्याच घासाला तर्री माझ्या शर्टावर सांडली. आक्का डोळे पुसेपर्यंत हसली. किती दिवसांनी माझ्या शेजारी बसून कुणी जेवत होतं.

परत आलो. मी हसमुखभाईंना हाक मारणार, तोच आक्कानं हात धरला.

“एकट्यानं उतरव मला.”

“अगं, ते आहेत ना.”

“नाशकात आहेत? तू एकट्यानं उतरवलंस, तर उद्याच येते तुझ्याबरोबर. कायमची.”

मी बाह्या सावरल्या. तिच्या काखेत हात घातले आणि ओढलं.

“आक्का, जोर लाव.”

“मी लावतेय रे, तू पण लाव!”

कमरेत काहीतरी ‘कट’ म्हणालं. मी होतो तिथंच अडकलो; डोकं तिच्या खांद्यावर, उरलेला मी गाडीबाहेर. आक्का हसायला लागली, मग मीही. हसू ओसरल्यावर ती माझी पाठ थोपटत राहिली.

“तुझ्या बिल्डिंगमध्ये हाक मारली तर कोण येतं रे?”

मला पटकन एकही नाव आठवेना. “वॉचमन,” मी तिच्या खांद्यातच म्हणालो.

“हसमुखभाई!” आक्कानं हाक दिली, आणि निम्मी सोसायटी गोळा झाली. त्यांनी आधी मला सरळ केलं, मग तिला उतरवलं.

सकाळी निघताना ती म्हणाली, “तूच राहा की इथं.”

“छे, झाडांना पाणी कोण घालणार?”

माझ्याकडे एकही झाड नाही, हे तिला ठाऊक आहे. ती डब्यात ठेपले भरत राहिली.

वाटेत मी मनातल्या मनात गाडी सुधारत होतो. सीट उचलली, दांडा लावला, डिकी वाढवली, मागे एसी नेला. सगळं बसवून झालं, तरी शेजारी डबाच होता. खोली झाडताना आपण नेमकं कुणाला आणायला निघालो होतो, हे मला घाट चढताना कळलं. तिची सोबत करायला म्हणून निघालो होतो, पण सोबत मलाच हवी होती. तसं साध्या शब्दांत मागितलं असतं, तर निदान कंबर वाचली असती.

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि उतरायला गेलो, तर कंबर धरलेली. पाय बाहेर निघेना. वॉचमन दिसेना. हॉर्न वाजवला. वरच्या कुठल्याशा खिडकीतून आवाज आला, “पार्किंगमध्ये हॉर्न वाजवू नका हो!”

तेवढ्यात आक्काचा फोन. “पोचलास?”

“पोचलो.”

मागे भांडी वाजत होती. ज्योतीबेन विचारत होत्या, “भाई पहोंची गया?” (भाऊ पोचले का?)

“घरात आहेस ना रे?”

“हो, घरातच,” म्हणालो, आणि पार्किंगमधला आवाज तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून दार ओढून घेऊन काच हळूच वर केली.