न बांधलेली खांड

मी शिकवत होते त्या शाळेच्या दारात चपला काढून भावोजी नुसतेच उभे राहिले. एरवी लांबूनच हाका मारत येणारा माणूस… मी काय ते समजले. हे सकाळी खाडीवर गेले होते. तिथेच, बांधावर, बसल्या जागी गेले.

आमचं शेत रेवदंड्याच्या खाडीला लागून. स्वातंत्र्यानंतरच्या एका उधाणात बाहेरचा बांध फुटून मोठी खांड पडली आणि भाताच्या जागी खारं पाणी उभं राहिलं. मी रडले. हे म्हणाले, "बांधू पुढच्या वर्षी." पण त्या थंडीत तिथे बदकं उतरली आणि आमचं भात कायमचं बुडालं!

आमच्याकडे फुटलेले बांध गावाने मिळून बांधायचे, घरटी एक माणूस. दुसऱ्यांच्या खांडी बुजवायला हे सगळ्यांच्या पुढे, गुडघाभर चिखलात. स्वतःच्या शेताचं नाव काढलं की यांना खोकला यायचा. लोक हसायचे, मी चिडायचे. विकतचे तांदूळ निवडताना तर माझ्या तोंडाचा पट्टा सुरूच. एकदा हे मला ओढतच बांधावर घेऊन गेले. पाण्यावर केशरी चक्रवाक, पलीकडे बदकंच बदकं.

"हिमालयापलीकडून येतात," हे कुजबुजले.

"मग आमचंच शेत सापडलं का मेल्यांना? एवढी खाडी पडलीय!"

"इथं त्यांना कुणी हाकलत नाही गं."

कपाळ माझं! पण आम्हाला मूलबाळ नव्हतं… दिवाळी झाली की हे आकाशाकडे डोळे लावून बसायचे, ते बघून मी गप्प व्हायचे.

तेरावं झालं आणि भावोजी गावकऱ्यांना घेऊन अंगणात आले. कुदळी, घमेली घेऊनच. "वहिनी, दादानं समद्यांच्या खांडी बांधल्या. आता त्याची आमी बांधतो. पुढच्या पावसात भात लावा." इतकी वर्षं मी हेच तर मागत होते. मला भरून आलं. "उद्या या," म्हटलं.

संध्याकाळी एकटीच खाडीवर गेले. घरात तरी काय होतं? बोलायला कुणी नाही, चूल पेटवावीशी वाटत नाही. बांधावर हे बसायचे तिथलं गवत अजून दबलेलं होतं. तिथेच बसले. चार बदकं बिचकली, पुन्हा पाण्यावर आली. अंधार पडला तरी उठवेना.

सकाळी माणसं आली. सगळ्यांना चहा दिला आणि म्हटलं, "शिमगा होऊ दे. पाखरं गेली की बघू."

भावोजींनी चहाचा कप खाली ठेवला. "मंग भात नको तुमाला?"

"एकटीला असे कितीसे तांदूळ लागतात, भावोजी? आणि खांड बुजवलीत तर संध्याकाळी मी जाऊ कुठे?"