खात्यावर फोडलेलं खापर

सुरतेत कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. तिथल्या खडखडाटात शेजारच्याची हाकसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून खात्यातली माणसं ओठांनी अन् हातांनी बोलतात. बाबा घरी जेवतानाही तसेच बोलायचे, समोर कुणी नसताना. उजवा पंजा वर करायचे, ओठ हलवायचे. आई ते ओठ वाचायची. "'थांबा, येतो' म्हणतायत. खात्याची सवय, दुसरं काय!" आख्खी गल्ली हेच म्हणायची. सगळेच खात्यातले, कुणाला काय कळणार, कपाळ!

एका दुपारी बाबा तसेच ओठ हलवत अनवाणी निघाले आणि जवळच्या भेस्तानच्या रेल्वे रुळांवर गाडीखाली गेले. माझा भाऊ तेव्हा पाळण्यात होता. आईने सगळं खापर खात्याच्या आवाजावर फोडलं आणि कानाला खडा लावला, पोरगा खात्यात पाऊल ठेवणार नाही. स्वतः मात्र तिथेच सुताच्या बॉबिन भरत राहिली, अर्धी बहिरी झाली, पण त्याला शिकवलं. तो बँकेत लागला. एसीची गार, शांत बँक. पेढे वाटताना आईला गगन ठेंगणं झालं होतं.

मागच्या वर्षी वरणभात कालवता कालवता त्याने उजवा पंजा वर केला आणि ओठ हलवले. अहो, याने बापाला धड पाहिलंसुद्धा नव्हतं!

डॉक्टरांनी आधी घराण्याची चौकशी केली, मग आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. म्हणाले, कल रक्तातून येऊ शकतो, लक्षणंही कधी सारखी दिसतात. पण प्रत्येकाला होतंच असं नाही, आणि दोष कुणाचाच नाही. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "मग मी त्याला वाचवलं कशापासून गं?" देवाचा, रक्ताचा, सगळ्यांचाच संताप आला होता मला.

गोळ्या चालू आहेत. त्याला ऐकू येणारे आवाज कमी होतात, जात नाहीत. बँक सुटली. आई दिवसभर त्याच्यासमोर बसून असते. परवा त्याचे ओठ हलताना मी आईला विचारलं, "काय म्हणतोय?"

"तेच. थांबा, येतो."

मग ती उठली, दारातल्या त्याच्या चपला उचलल्या आणि कपाटात घालून कुलूप लावलं. बाबा अनवाणीच गेले होते.