अक्कांची अंघोळ

आमच्या अक्कांना कुणालाच नको म्हणता येत नसे. मी धाकटी जाऊ, स्वभावाने रोखठोक. मी चिडले की म्हणायच्या, "कुणाचं मन मोडण्यापेक्षा माझी कंबर मोडली तर काय बिघडलं?"

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसाने पाठ फिरवली होती. त्या उन्हाळ्यात अक्कांच्या छातीत गाठ निघाली, कॅन्सरची. ऑपरेशन झालं, मग बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्यात किरणांचे शेक सुरू झाले. सोमवारी आम्ही दोघी एसटीने जायचो, शुक्रवारी परतायचो. डबा, फाईल, औषधं माझ्याकडे. घरचं पाणी अक्कांच्या यजमानांकडे. कधी तांब्या न उचललेले भाऊजी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभे राहू लागले.

डॉक्टरांनी अक्कांच्या छातीवर शाईच्या रेघा आखल्या होत्या. शेक त्या मापानेच द्यायचे, म्हणून तिथे पाणी लावायचं नव्हतं. "बघ, माझा पण नवा जिल्हा झाला," अक्का म्हणाल्या. "साहेबांनी हद्द आखून दिली." आणि एसटीच्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या. तेव्हा त्या बोलता बोलताच झोपत.

एका रविवारी मी बाजारातून आले, तर न्हाणीत पाण्याचा आवाज. सासूबाईंनी, आमच्या आत्याबाईंनी, आठवडाभर स्वतःच्या अंघोळीचं पाणी राखून बादलीभर तापवलं होतं. डाळीचं पीठ लावून त्या अक्कांना घासत होत्या. "किती काळी पडली गं लेकराची कातडी! कुणी बघून राहिलं का हिच्याकडं?" रेघा मोरीतून वाहून गेल्या होत्या.

मी तोंड उघडलं. अक्कांनी डोळ्यांनीच गप्प केलं.

"तुम्हाला ठाऊक होतं ना?" मी नंतर विचारलं.

"हाव. पण म्हातारीनं आपल्या वाट्याचं पाणी राखलं होतं गं."

"आणि तुमचा जीव गेला म्हणजे?"

त्या ओलं लुगडं दोरीवर टाकायला वळल्या.

सोमवारी आत्याबाई हट्टाने बरोबर आल्या, बाहेर बाकावर बसल्या. आत डॉक्टर भडकले. "मध्येच खंड पडला तर ऑपरेशनचा काय उपयोग? कुणी धुतलं हे?"

"मीच, साहेब. लई घाम आला होता," अक्का म्हणाल्या.

कातडी सोलवटली होती. ती भरेपर्यंत शेक बंद. मग नवं मापन, नव्या रेघा.

"लई ओरडून राहिला की गं डॉक्टर?" बाहेर आल्यावर आत्याबाईंनी अक्कांना विचारलं.

"त्यांची बोलायची रीतच तशी हाय. घरी आराम करा म्हणाले."

"बघ! एका अंघोळीत फरक पडला."

ते रिकामे दिवस मी आणि भाऊजींनी कसे काढले, ते आम्हालाच माहीत. पण पुढे शेक पूर्ण झाले आणि अक्का बरीच वर्षं जगल्या. आत्याबाई मात्र भेटेल तिला सांगत, "डॉक्टरनं काय केलं? मी न्हाऊ घातलं तवा उतरलं तिचं दुखणं." मी सरसावले की अक्का म्हणायच्या, "राहू दे गं." आत्याबाई त्याच समाधानात गेल्या. मग अक्काही गेल्या.

परवा शेजारच्या काकू तीच अंघोळीची गोष्ट आपल्या सुनेला सांगत होत्या. तिच्याही छातीत गाठ निघाली आहे. मी मान डोलावली. काकू आत गेल्या, तशी सुनेला म्हटलं, "त्या घालतील तर अंघोळ घालून घे. पण उद्या सकाळच्या बार्शीच्या गाडीला तयार राहा. मी येते बरोबर."