गोटलिब आयशेलेची शेवटची पिंपं
विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात जर्मनीहून आलेल्या गोटलिब आयशेलेने टेकडी पोखरून तळघर केलं, त्यात नदीचा बर्फ भरला आणि बिअर मुरवली. पुढे गावातल्या प्रत्येक बाप्तिस्म्याला त्याने एक पिंप फुकट दिलं. त्याच गावाने मतदान करून दारूबंदी आणली. बंदीच्या आदल्या दिवशी गावच्या आगीच्या बंबवाल्यांचा प्रमुख वेंडेल गोटलिबच्या बिअर कारखान्याच्या फाटकाशी आला.

“गोटलिबकाका, उद्यापासून वायाच जाणार. आमच्या सहलीला एक पिंप द्या की!”

“मत बंदीलाच दिलंस ना?”

“बायको मागे लागली होती हो.”

“मग तिच्याकडेच सरबत माग, हरामखोरा!”

त्याने फाटक लावलं. कामगारांना पोटभर पाजली. उरलेल्या पिंपांची बुचं स्वतः ठोकून काढत त्याने सगळी बिअर फाटकाबाहेर उभ्या वेंडेलच्या डोळ्यांदेखत नदीत सोडली.