पळवायचा राजदंड

ती घटना आठवली की मला आधी हसू येतं, आणि मग जरा गप्प व्हायला होतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी चोर पकडले, दरोडे उघडकीस आणले, दोन वेळा डोकंही फोडून घेतलं. पण आता संभाजीनगरात सिडकोत राहतो, सकाळी फिरायला जातो, तेव्हा मंडळी हटकून विचारतात ती हीच केस. म्हणून एकदा लिहूनच टाकतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. गावाचंही नाही. जिल्ह्यातली एक नगरपालिका, एवढं पुरे.

मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. एके दुपारी तिथले मुख्याधिकारी स्वतः तक्रार घेऊन आले. माणूस तरुण, नवा, दोन महिन्यांपूर्वीच बदलून आलेला आणि नियमानं चालणारा. अर्ज तीन पानी. मजकूर असा, की आदल्या दिवशी अर्थसंकल्पाची सभा चालू असताना विरोधी नगरसेवकानं नगराध्यक्षांसमोरचा राजदंड पळवून नेला, तो अद्याप परत आलेला नाही, सबब गुन्हा नोंदवावा.

राजदंड म्हणजे काय, ते सांगतो. पुरुषभर उंचीची शिसवी काठी, वर चांदीची मूठ, खाली चांदीचा पत्रा. निजामाच्या काळात कुणा घराण्यानं नगरपालिकेला दिलेला. सभा सुरू होताना चोपदार तो घेऊन पुढं चालतो, मागून नगराध्यक्ष येतात, आणि दंड त्यांच्यासमोर उभा केला की सभा सुरू झाली असं समजायचं. दंड नाही, तर सभा नाही. त्यामुळं अर्थसंकल्प लटकला होता. सभा आठ दिवसांसाठी तहकूब झाली होती.

मी म्हणालो, "साहेब, राजदंड तर दरवर्षी पळवतात. चहापर्यंत परत येतो."

"या वर्षी नाही आला," ते म्हणाले. "आणि वस्तू नोंदवहीत तो शिपाई-चोपदाराच्या नावावर आहे. ते याच महिन्याअखेर निवृत्त होतायत. दंड मिळाला नाही, तर मला त्यांच्यावर कारवाई करावी लागेल. माझा नाइलाज आहे."

आता गंमत संपली होती. निवृत्तीच्या दिवशी माणसावर गुन्हा किंवा चौकशी प्रलंबित असली की पेन्शन अडकतं, आणि अडकलेलं पेन्शन सोडवता सोडवता माणूस संपतो. हे मी आमच्याच खात्यात पाहिलं आहे. मी गुन्हा नोंदवला नाही. अर्ज चौकशीवर ठेवला आणि मुख्याधिकाऱ्यांना म्हणालो, तहकूब सभेच्या आत निकाल देतो. दिला शब्द. तोंडाला काय, ते देतंच.

त्याच संध्याकाळी ठाण्यात फोन आला. नाव नाही, गाव नाही. "चोपदारानंच चांदी मोडून खाल्ली, साहेब. त्याचं कपाट बघा." आणि ठेवला फोन. असा फोन करणारा एक तरी माणूस प्रत्येक कचेरीत असतो आणि तो बहुधा पलीकडच्याच टेबलावर बसतो. तरी माहिती आली म्हणजे पडताळणं आलं.

चोपदाराला बोलावलं. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. उंच, पांढरी दाढी, इस्त्रीचा गणवेश, छातीवर पितळी बिल्ला लखलखीत. मी म्हटलं, बसा. बसले नाहीत.

"चाचा, दंड कुठं आहे?"

"मालूम नाय, साब."

"कपाटात काय आहे?"

यावर माणूस एकदम उतरला. चेहरा पडला म्हणतात ना, तो मी डोळ्यांनी पाहिला. तासभर विचारलं. पाणी दिलं, चहा दिला, जरा आवाजही चढवला. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "साब, मेरेकू जो करना वो करो. लेकिन मैंने बेचा नाय." मी त्यांना घरी जाऊ दिलं. चोर इतक्या सरळ पाठीनं उभा राहत नाही, असं माझ्या हवालदाराचं मत पडलं. माझंही तेच होतं, पण मी अधिकारी असल्यामुळं बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ज्यानं पळवला त्याच्याकडं गेलो. विरोधी नगरसेवक, गावात वट असलेला, हसतमुख गडी. मला पाहून उठला, खुर्ची पुसली आणि म्हणाला, "या साहेब! व्हय, मीच पळवला. पेपरात फोटो हाय की."

इतका स्वच्छ कबुलीजबाब मला नोकरीत दुसरा मिळाला नाही.

"का पळवला?"

"अहो, आमच्या वार्डात आठ-आठ दिवस पाणी नाय. बाया उपोषणाला बसल्या व्हत्या पालिकेसमोर, मंडप टाकून. मग विरोधी पक्षानं काय करायचं? दंडच पळवायचा ना! दर साली मीच पळवतो. मागच्या सालापर्यंत तर राजीखुशीनं. चाचाला सकाळी सांगायचं, आज पळवणार हाय, जरा ढिला धरा. विषयपत्रिकेवर मागच्या सभेचं इतिवृत्त झालं, की चहा येतो. चहाबरोबर फोटोवाले येत्यात. मग मी उठतो."

"आणि नंतर?"

"नंतर काय? खाली कँटीनच्या दारामागं ठेवायचा, चहा प्यायचा आन् वर जाऊन अर्थसंकल्प मंजूर करायचा. सर्वानुमते. आमचं बी मत त्यातच असतं. यंदा बी दंड तिथंच ठेवला, पुढं कुठं गेला देव जाणे."

कपाळावर हात मारावा की हसावं, कळेना. त्याच्या बैठकीत भिंतीवर त्याचे सगळे फोटो फ्रेम करून लावले होते. चहा येईपर्यंत मी ते बघत बसलो. पोलिसाला ही वाईट सवय असते, कुठं नुसतं बसवत नाही. पाच वर्षांचे पाच फोटो. प्रत्येकात हा गडी एका हातानं दंड डोक्यावर उचलून धरतोय आणि दुसरा हात हलवतोय, छत्री धरल्यासारखा. शेवटचा, परवाचा, मात्र वेगळा. दोन्ही हातांनी धरलेला, गाल फुगलेले, मानेच्या शिरा ताठलेल्या.

"या वर्षी असा काय फोटो?"

"वय झालं का काय, साहेब," तो म्हणाला. "यंदा लई जड गेला राव."

माझ्या डोक्यात तिथंच उजेड पडला. वय काही एका वर्षात इतकं होत नाही. काठीच वेगळी होती.

मी चाचांच्या घरी गेलो. गणवेश न घालता, साध्या कपड्यात. त्यांनी चटई टाकली. मी म्हटलं, "चाचा, राजदंड एक नाही. दोन आहेत. आणि परवा पळवला तो खरा."

चाचांनी उठून दार लोटून घेतलं. मग बोलायला लागले ते थांबेनात. दंड आधी त्यांच्या वडिलांच्या हातात होता. तेव्हा कुणी पळवत नव्हतं, नगरसेवक उठून उभे राहायचे. चाचांच्या काळात पळवापळवी सुरू झाली. दोनदा मूठ चेमटली, एकदा पत्रा निघाला. चाचांनी पदरच्या पैशांनी सोनाराकडून दुरुस्त करून आणला. शेवटी वैतागून एका सुताराकडून हलक्या लाकडाची हुबेहूब काठी करवून घेतली, तिला चांदीचा रंग दिला. तेव्हापासून खरा दंड कापडात गुंडाळून कपाटात, आणि सभेत जातो तो पळवायचा. त्या वेळच्या नगराध्यक्षांना माहीत होतं. नंतरच्यांना कुणी विचारलं नाही, चाचांनी सांगितलं नाही.

"मग परवा खरा का काढलात?"

"साब, आखरी बजेट था मेरा." चाचांनी चटईची कड सारखी केली. "बत्तीस साल की नौकरी, जादा नकलीच घेऊन चाललो. एक बार तो असली लेके चलूँ, बोला. त्या दिवशी सकाळी नगरसेवकाला सांगणार होतो, आज नको पळवू बाबा. भेटला नाय. आणि सभेत उठला, तर मी घट्टच धरला होता. लेकिन जवान आदमी है, उसने खींच लिया."

"अहो, मग तो नकली आणून ठेवायचा होता ना नोंदवहीपुढं! सुटला असता."

चाचा माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी चोरलंय. "बाप की चीज है, साब. त्याच्या जागी नकली ठेवून मी पेन्शन खाऊ?"

मला स्वतःची लाज वाटली. ठाण्यात बसून असे सल्ले सुचायला लागतात, काय करणार.

पुढचं सोपं होतं. कँटीनवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "साहेब, मी दरवर्षी दारामागची काठी गिलासाबरोबर वर नेऊन देतो. या टायमाला रिकामे गिलास आणायला वर गेलो, तर चाचाच्या कपाटाच्या बाजूला आपली काठी उभीच! मग म्हटलं, दारामागं हाय ती कुणाची? खाली उपोषणाचा मंडप सोडत व्हते. मंडपवाल्याच्या टेम्पोत लग्नातल्या भालदार-चोपदाराच्या काठ्या पडल्या व्हत्या. म्हटलं, त्यातलीच. दिली टाकून."

खरा दंड काढताना चाचांनी खोटा कपाटाबाहेर उभा केला होता, एवढीच चूक. मंडपवाल्याकडं गेलो, तर त्यानं घड्याळ बघितलं. "ती जड काठी व्हय? आज करमाडला लग्न हाय, तिकडं गेली की!"

चाचांना जीपमध्ये घातलं आणि जालना रोडनं सुटलो. मंगल कार्यालयापुढं पोलिसांची जीप थांबली, तसे वधूपिते धावत आले. मी तोंड उघडायच्या आत माझ्या डोक्याला फेटा बांधला गेला, मनगटाला अत्तर लागलं आणि हातात पेढा आला. हवालदारालाही फेटा. त्यानं तो काढला नाही, अगदी दुसऱ्या दिवशीच्या हजेरीपर्यंत.

दारात दोन भाड्याचे चोपदार उभे होते. लाल अंगरखा, चिकटवलेल्या मिशा. एकाच्या हातात रंगवलेला बांबू, दुसऱ्याच्या हातात आमचा राजदंड. मी झडप घालणार, तोच चाचा पुढं गेले. दंड हातातून घेतला नाही. त्या माणसाचा हात धरून म्हणाले, "ऐसा नहीं पकडते, मियाँ. मूठ वर, कोपर अंगाला."

तो बिचारा घामाघूम झालेला. "लई जड हाय हो चाचा. सकाळधरनं हात मोडला. पण एक हाय, माझ्यासमोरून पाव्हणे हळूच जात्यात. त्या बांबूवाल्याला कुणी इचारत नाय."

चाचांनी दंड हातात घेतला, गालाला लावला. तेवढ्यात वाजंत्री वाजली, वरात आली. वधूपिता माझ्यापुढं हात जोडून उभा. त्याला वाटलं, आपण काहीतरी गुन्हा केला. चाचा मला म्हणाले, "साब, दस मिनिट." मी मान हलवली. तो पांढऱ्या दाढीचा माणूस दारात उभा राहिला आणि त्यानं अशी ललकारी दिली, की वाजंत्री थांबली. नवरदेव घोड्यावरून उतरून सरळ उभा राहिला. वऱ्हाडानं वाट करून दिली, कुणी न सांगता. हातातला पेढा तसाच धरून मीही नकळत सावधान उभा राहिलो.

जप्ती केली नाही. केली असती, तर दंड आमच्या मुद्देमाल खोलीत पडला असता आणि सुटायला कोर्टाचा हुकूम लागला असता. तोवर चाचा निवृत्त, सभा बुडालेली. ताबापावती लिहिली. साक्षीदार म्हणून वधूचे मामा आणि आचारी यांच्या सह्या घेतल्या. आचाऱ्याच्या सहीवर जिलबीचा पाक सांडला होता. तो कागद मुख्याधिकाऱ्यांनी दोन बोटांत धरून फाइलला लावला. अर्जावर मी शेरा मारला, वस्तू गैरसमजुतीनं हलवली गेली, कोणाचाही चोरीचा उद्देश नाही.

तहकूब सभेला बंदोबस्त मी स्वतः ठेवला. चाचा खरा दंड घेऊन आत आले. काय झालं कोण जाणे, आधी एक म्हातारे नगरसेवक उठले, मग सगळेच. इतिवृत्त कायम झालं. चहा आला. चहाबरोबर फोटोवाले आले. आमचा विरोधी नगरसेवक बाह्या सरसावून उठला. चाचांनी मुठीवरची पकड आवळली. मी दाराशी एक पाऊल पुढं टाकलं.

दोन काठ्यांची गोष्ट एव्हाना त्याच्या कानावर गेली होती. तो चाचांसमोर थांबला आणि त्यानं हळूच विचारलं, "चाचा, आज खरा हाय ना?"

"व्हय."

त्यानं दंडाला हात लावून कपाळाला लावला, बाजूनं वळला आणि नगराध्यक्षांच्या टेबलावरची घंटी उचलून पळाला. फोटो निघाले. घंटी नाही म्हणून कुणालाच गप्प करता येईना आणि त्या गोंधळात अर्थसंकल्प मंजूर झाला, सर्वानुमते. त्याच्या वार्डाच्या पाइपलाइनची तरतूदही त्यात होती, ती गोंधळामुळं खुद्द त्यालाच ऐकू गेली नाही. ती मी त्याला खाली कँटीनमध्ये सांगितली.

महिनाअखेरीला चाचांनी पदभार सोपवला आणि मुख्याधिकाऱ्यांपुढं दोन्ही दंड ठेवले. साहेबांनी बराच वेळ डोकं खाजवलं. मग नोंदवहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: राजदंड, एक, सभेसाठी. राजदंड, एक, पळवण्यासाठी. आणि खाली सही केली. चाचांचं पेन्शन पहिल्याच महिन्यात सुरू झालं.

या केसनं मला काय शिकवलं? चोर तर कुणी नव्हताच. सगळे आपापलं ठरलेलं काम करत होते, वर्षानुवर्षं, हलक्या काठीनं. एका माणसाला एकदाच खऱ्या काठीनं काम करावंसं वाटलं आणि केवढा गोंधळ उडाला! मी स्वतः तोवर किती वर्षं हलकी काठी वागवत होतो, याचा हिशेब मी मनात केला आणि तो कुणाला सांगितला नाही. पुढची सहा वर्षं मात्र अर्ज वाचल्याशिवाय शेरा मारला नाही.

मी निवृत्त झालो त्या दिवशी नव्या निरीक्षकाला ठाण्याच्या किल्ल्या दिल्या, मुद्देमालाची यादी दिली आणि शेवटी माझी छडी दिली. तो ती काखेत मारून निघाला. मी त्याला थांबवलं आणि त्याचा हात नीट केला. मूठ वर, कोपर अंगाला.