लीनानं ओळखलेली खिरापत

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. जन्मभर गणित शिकवलं. कुणाच्या अंगात आलं असं ऐकलं की मी पहिलं विचारते, "सकाळपासून काही खाल्लंय का तिनं?" आमची भाचेसून म्हणाली, आत्या, हे ग्रुपवर टाकाच. मी सांगतेय, ती टाइप करतेय. हसायचं तर खुशाल हसा. पण जे झालं ते भर दुपारी, वीस-बावीस पोरींच्या देखत झालं...

गोष्ट पिंपरीची, पन्नासच्या दशकाच्या शेवटाची. तिथं नवा कारखाना उभा राहत होता, परदेशी इंजिनियर आले होते. त्यांची मुलं, आपल्या साहेबांची मुलं, कॉलनीतल्या सिंधी आणि मद्रासी कुटुंबांची मुलं, सगळी एकाच बैठ्या शाळेत. आज तुम्ही तिला इंटरनॅशनल स्कूल म्हणाल. आमच्याकडं वर पत्रे आणि बाहेर बाभळी! मी थेरगावहून चालत जायचे. गणिताशिवाय नव्या, बुजलेल्या मुलांकडं बघायचं कामही माझ्याकडं होतं. त्याला आता वेलबीइंग म्हणतात म्हणे. तेव्हा स्टाफरूममध्ये मला 'रडक्यांची बाई' म्हणायचे. म्हणेनात का, मला ते काम फार आवडायचं.

लीना आठ वर्षांची, डेन्मार्कची. आई वारलेली, वडील इंजिनियर. येऊन पाच महिने झाले तरी पोरगी एक अक्षर बोलली नव्हती. घरी वडिलांशीसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. शेवटी हेडमिस्ट्रेसबाईंनी ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बोलली नाही तर तिला तिच्या देशातल्या बोर्डिंगमध्ये पाठवायचं. बाई वाईट नव्हत्या, त्यांनाही दुसरं काही सुचत नव्हतं. पण वडिलांना ही एकुलती एक. मला म्हणाले, "मिस, ती गेली तर संध्याकाळी मी घरी कुणासाठी जाऊ?" 

तेवढ्यात हस्त नक्षत्र लागलं, आणि मला भोंडला सुचला. पाटावर हत्ती काढायचा, मुलींनी हात धरून फेर धरायचा. त्यात गाणं येतंच पाहिजे असं कुठंय? शेवटी खिरापत ओळखायची. डबा झाकलेलाच हवा, आत काय ते आणणारीनं सांगायचं नाही, पोरींनी ओळखल्याशिवाय उघडायचा नाही. हेडमिस्ट्रेसबाई म्हणाल्या, "ट्राय इट."

माझी खिरापत होती करंज्या. आदल्या दिवशी मीच तळल्या होत्या. निघताना फडक्यात बांधलेला पितळी डबा उचलला आणि शाळा गाठली.

फेर झाला. लीना माझा हात धरून मुकाट्यानं फिरली. मग मी डबा हलवला. आवाजच नाही! म्हटलं, ठासून भरल्यात मेल्या. पोरींचा गलका सुरू झाला. लाडू! शिरा! चॉकलेट! एका सिंधी मुलीनं तर पापडसुद्धा म्हणून घेतलं.

आणि लीना बोलली. घोगऱ्या आवाजात, पण स्वच्छ...

"घारगे. विलायची न्हाई गावली, बडीशेप घातलीया."

 माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण मी पडले गणिताची बाई! तोंडातून निघालंच, "नाही गं बाळ, चुकलं. करंज्या आहेत." तिचा चेहरा असा उतरला की मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. घाईघाईनं फडकं सोडलं, झाकण काढलं...

आत भोपळ्याचे घारगे! मऊ, तांबूस, वर बडीशेपेचे दाणे दिसत होते. घरी शेजारी-शेजारी ठेवलेल्या डब्यांतला मी चुकून वहिनीचा, म्हणजे माझ्या भावाच्या बायकोचा, तसाच पितळी डबा उचलला होता.

लीनाचे वडील तिला न्यायला आले तेव्हा ती घारगा खात होती. तशीच त्यांच्याकडं धावली आणि तोंडात घास घेऊन त्यांच्या भाषेत काहीतरी भराभरा सांगायला लागली. तो एवढा सहा फुटी माणूस पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले, खोटं कशाला बोलू? हेडमिस्ट्रेसबाई चष्मा पुसत होत्या. नंतर त्यांनी मला विचारलं, "तू केलंस तरी काय?" मी म्हटलं, "काही नाही, चुकीचा डबा आणला."

घरी आले तर वहिनी दारातच. ती चिखलीची. "वन्सं, माझा डबा न्हेलासा व्हय? आईकडं धाडायचा व्हता की वो!" मी तिला सगळं सांगितलं. लीनाचं वाक्य ऐकलं आणि तिनं मला हाताला धरून चुलीपुढं नेलं.

"आवं, ह्ये तर मी बोलले. सकाळच्याला, चुलीम्होरं, एकलीच. तुमी आंघुळीला गेल्तासा, घरात दुसरं कुनी बी नव्हतं."

आता तुम्ही म्हणाल, वास आला असेल. बरं, बडीशेपेचा आला. 'घारगे' हा शब्द कुणी शिकवला? त्यांचा स्वयंपाकी गोव्याचा, शाळेत सगळं इंग्रजीत. आणि वहिनीचं बोलणं जसंच्या तसं? वहिनी त्या पोरीला कधी भेटलीसुद्धा नव्हती. लीनाला विचारलं तर ती नुसती हसून खांदे उडवायची. 

बोर्डिंग रद्द झालं. लीना पुढं तीन वर्षं शाळेत होती, बोलून बोलून वर्ग डोक्यावर घ्यायची. मराठीही शिकली, पण मोडकी-तोडकी, 'घ' काही जमला नाही. वहिनी दर शनिवारी तिला डबा धाडायची आणि बजावायची, "आधी वळखाया लावा तिला." लीना डोळे मिटून, नाक चढवून ओळखायची आणि दर वेळी चुकायची. शेवटी वहिनीनं हट्टानं लागोपाठ चार शनिवार घारगेच दिले. चौथ्या शनिवारीही लीनानं डबा कानाशी लावला, बराच वेळ विचार केला आणि मला म्हणाली, "करंजी!"